वारुळाजवळचं कोवळं आलं

सारुम बाजारात बसायची ती मासळीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला. मासा घेतला की बायकांना आलं आठवतं, हे तिला चाळीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. पुढ्यात केळीचं पान, पानावर आल्याचे पांढरेशुभ्र पंजे, टोकांना गुलाबी झाक, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सतत चालू.

"ए सूनबाई, इकडे ये. सोलायचं नाही काही नाही, नखानं खरवडायचं. काड्या कर, मीठ चोळून पिळून काढ, आणि कोंबडीबरोबर परतून टाक. वर माशाचं खारं पाणी न् ताडाच्या गुळाचा एक खडा. नवरा ताट चाटून पुसून ठेवील. पोटात वारा धरला असेल तर दोन काड्या कच्च्या चावून झोप, सकाळी सासूशी भांडायला मोकळी."

"आणि सासूनंही खाल्लं तर गं मावशी?"

"मग तू जरा जास्त खा."

बायका हसायच्या आणि घ्यायच्या. आल्याचे गुण तिला तोंडपाठ होते. जुनं आलं औषधाला, कोवळं जेवणाला. जुनं जाळतं, कोवळं नुसतं जागं करतं. गरोदर बाईला मळमळलं तर कोवळं आलं मोडून नाकाशी धरायचं. म्हाताऱ्यांनी पेजेवर किसून घ्यायचं, म्हणजे घास खाली उतरतो. बाळंतिणीला मात्र ते कधीही करकरीत द्यायचं नाही. शेकाच्या बाजेवरच्या बाईला द्यायचं तर दाताखाली आवाज येणार नाही इतकं परतायचं, नाहीतर आल्यातलं कच्चं गार पाणी तिच्या पोटात शिरतं आणि बाधतं. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सारुम सुईण नव्हती, पण नवी बाळंतीण घरात असली की स्वयंपाकाला तिला बोलावणं यायचं, कारण तिच्या हाताला चव होती.

आता कोवळं आलं म्हणजे पावसाळ्याचं पाहुणं. पहिल्या सरींना लावायचं, चार महिन्यांनी काढायचं. त्यापुढे साल जाड होते, आत दोरे धरतात. एप्रिलातल्या नव्या वर्षाच्या आधी, जमिनीला भेगा पडतात त्या दिवसांत तर आलं म्हणजे निव्वळ लाकूड. सारुमच्या पानावर मात्र ऐन उन्हाळ्यातही पातळ सालीचं, रसरशीत आलं असायचं. मोडलं की कट्कन आवाज व्हायचा. बायकांनी सुरुवातीला विचारलं, कुठून आणतेस गं? ती म्हणायची, मेकाँगच्या गाळात लावते. कुणी गाळ बघायला गेलं नाही. चांगली वस्तू हातात पडते तोवर माणसं खोलात शिरत नाहीत, आणि आमचं त्राच गाव त्याला अपवाद नाही.

ते आलं यायचं वारुळाजवळून.

एकवीस वर्षांपूर्वी सारुमची एकुलती एक मुलगी, मालिस, बाळंतपणाच्या सातव्या दिवशी सासरी शेकाच्या बाजेवर गेली. खाली निखारे, वर ऐन विशीतली पोर, आणि ती थंडीनं कुडकुडत गेली. अशा गेलेल्या बाईला आमच्याकडे फार भितात. भूतपिशाच्चं पुष्कळ आहेत, पण शेकावर मेलेली बाई म्हटलं की पुरुषसुद्धा आवाज खाली आणतात. तिची बाज, चुलीचे दगड, राख, त्या स्वयंपाकघरात शिजलेलं आणि शिजायचं राहिलेलं सगळं गावाबाहेरच्या वारुळाजवळ नेऊन टाकतात. टाकणारा मागे वळून बघत नाही, आणि तिथे कुणी काही लावत नाही.

पुढच्या पावसाळ्यात सारुम तिथे गेली. लेकीचं म्हणून रडायला तिला दुसरी जागा नव्हती. राखेतून आल्याचे कोंब वर आले होते. तिनं ते उपटून टाकायला हवे होते. तिनं त्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं.

तिथली माती उन्हाळ्यातही गार लागायची. वारूळ हातभर अंतरावर, पण एक मुंगी त्या वाफ्यात फिरकत नसे. कितीही काढलं तरी आठवड्याभरात पुन्हा तेवढंच, आणि कधीही जून व्हायचं नाही. मोडलं की आल्याच्या वासाआधी क्षणभर दुधाचा आणि धुराचा वास यायचा. सारुम काठावरचं काढायची, तळापर्यंत कधी हात घालायची नाही. काढताना बोलायची, "ऊठ गं मालिस, बाजाराला उशीर होतोय." वेडी नव्हती ती. तिला ठाऊक होतं आपण काय करतोय. म्हणून तिनं एक नियम स्वतःला घालून घेतला होता. ते आलं बाजारात विकायचं, स्वतः खायचं, पण बाळंतिणीच्या ताटात ते जाऊ द्यायचं नाही. तिथे घरच्या परसातलंच. वीस वर्षं तिनं हा नियम पाळला.

दुसरीही एक गोष्ट तिनं वीस वर्षं केली, ती सांगायला हवी. मालिसच्या सासूचं नाव किमलाय. मालिस गेली तेव्हा सारुमनं गावातल्या दारादारांत जाऊन सांगितलं की किमलायनं माझ्या पोरीला बदकाचं अंडं चारलं, ते बाधलं. तिनं पाहिलं होतं का? नाही. पण काहीतरी बाधल्याशिवाय बाळंतीण अशी थंड पडत नाही, आणि सातही दिवस ती खात होती किमलायच्या घरात. काय बाधलं ते कळलं असतं तर उताराही होता. जे बाधलं तेच जाळायचं, आणि ज्या हातानं ते भरवलं त्याच हातानं, घरातल्यांसमोर मोठ्यानं कबूल करून, त्याची राख पाजायची. सारुमनं मालिसला शेवटच्या दिवशी शंभरदा विचारलं होतं, "काय खाल्लंस, सांग." मालिस दातावर दात दाबून पडून राहिली. सारुमनं त्याचा अर्थ लावला: सासूच्या धाकानं बोलत नाही.

गावानं विश्वास ठेवला. लग्नाच्या रांधपातून किमलायला वगळलं. विहारात तिनं नेलेली भांडी बाजूला सरकवून ठेवायचे. मालिसचं बाळ, वुथी, किमलायनंच वाढवलं. सारुम त्याला रस्त्याच्या या बाजूनं बघायची, आणि तो त्या बाजूनं निघून जायचा.

तो वुथी यंदा उन्हाळ्यात तिच्या अंगणात मोटारसायकल बंद करून उभा राहिला. दुपार होती. कोंबड्यासुद्धा सावलीत पडल्या होत्या.

"आजी," तो म्हणाला.

"कोण रे?" ती म्हणाली. चांगली ओळखत होती.

"वुथी. म्हणजे… तुमचा नातू. माझी बायको कोलाप बाळंत झालीय, मुलगी झाली. दवाखान्यातून आणून तीन दिवस झाले. काही खात नाही. जुन्या आल्यानं तोंड पोळतं म्हणते, थुंकून टाकते. नर्सबाई म्हणाल्या, काहीही करा पण खायला घाला. आणि आमची आजी म्हणाली…" तो अडखळला.

"काय म्हणाली तुमची आजी?"

"म्हणाली, या दिवसांत कोवळं आलं एकाच बाईकडे असतं, आणि ती बया काही द्यायची नाही."

सारुमनं डोक्याला क्रामा, तिचा चौकड्यांचा पंचा, गुंडाळला. "बया येतेय म्हणून सांग जा."

परसातलं आलं तिनं उपसून पाहिलं. सुतळीसारखे दोरे. ते त्या पोरीच्या घशाखाली उतरणं शक्य नव्हतं. सारुम थोडा वेळ तिथेच उकिडवी बसून राहिली. सगळं गाव वीस वर्षं ते आलं खातंय, कुणाचं काय वाकडं झालं, असं तिनं स्वतःला समजावलं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते तिला ठाऊक होतं. खांबांवरच्या त्या घराची शिडी तिला मालिसशिवाय एकटीनं चढायची नव्हती. ती उठली आणि वारुळाकडे गेली.

किमलाय शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. वाळली होती, पण ताठ होती.

"या विहीणबाई. एकवीस वर्षांनी पाय लागले."

"पाय माझे, पण मर्जी पोराची."

"चूल तिकडे आहे. आलं घरच्या परसातलंच ना?"

"मग काय शेजाऱ्याचं चोरलंय?"

"नीट परत म्हणजे झालं," किमलाय म्हणाली, आणि सारुमच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं आलं परतणाऱ्या बाईला हे ऐकवतेय! तिनं मुद्दाम वेळ घेतला. काड्या केल्या, मीठ चोळून पिळल्या, लसणावर कोंबडीचे बारीक तुकडे टाकले, आलं घातलं, आणि काडी बोटांत चुरगळेल इतकी मऊ होईपर्यंत हलवत राहिली.

कोलाप बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. बाजेखालच्या निखाऱ्यांनी खोली भाजून निघत होती. वास आला तशी तिनं मान वळवली. पहिला घास सावकाश खाल्ला, मग वाडगा हातातून ओढूनच घेतला आणि बोटं चाटून संपवलं. गालांवर रंग आला. वुथी हसला. किमलायसुद्धा म्हणाली, "हाताला चव आहे हो तुझ्या, ते कधीच नाकारलं नाही मी." सारुम घरी परतली तेव्हा तिला वीस वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वुथी पुन्हा आला. कोलाप थंड पडली होती.

सारुमनं तिच्या पावलाला हात लावला आणि काढून घेतला. नुकत्याच उपसलेल्या विहिरीच्या पाण्यासारखं गार. निखारे दुप्पट केले होते. वुथीच्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या, आणि बाजेवरच्या पोरीच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. नर्सबाई येऊन गेल्या. काचेच्या नळीत ताप नाही की गारठा नाही, नाडी ठीक, रक्तदाब ठीक. त्यांनी दोनदा नळी झटकून पाहिली. उद्या दुपारपर्यंत उतार नाही पडला तर कांपोंग चामच्या मोठ्या रुग्णालयात न्या, म्हणाल्या.

बाळ आईच्या छातीशी धरलं की अंग ताठ करून मान फिरवायचं. किमलायनं आईच्या दुधाचा थेंब मनगटावर घेऊन पाहिला, आणि तो गार लागला तशी पुसून टाकला. बाळाला मग चमच्यानं डब्याचं दूध घातलं.

"आजी, तिला विचारा ना काय हवंय," वुथी म्हणाला.

सारुम जवळ बसली. कोलापनं उजवा पाय मुडपून मांडीखाली घेतला, वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. ही लकब सारुमनं एकाच मुलीची पाहिली होती.

"माय," कोलाप म्हणाली. आवाज कोलापचाच होता, पण हाक तिची नव्हती. "माय, मला थंडी वाजतेय. ती निळी लुंगी कुठे ठेवलीस?"

निळी लुंगी सारुमच्या घरी पेटीच्या तळाशी होती. कोलाप जन्मायच्या आधीपासून होती.

वुथीला वाटलं बायको भ्रमात बडबडतेय. किमलायला तसं वाटलं नसावं, कारण ती दारातच थबकली आणि बराच वेळ आत आली नाही.

दुपारी किमलायनं सगळ्यांसमोर विचारलं, "काल काय काय घातलं होतंस?" सारुमनं सांगितलं: कोंबडी, लसूण, मीठ, गूळ, माशाचं पाणी, आलं. किमलायनं एकेक पदार्थ तव्यावर जाळून कोळसा केला. आल्यासाठी तिनं वुथीला सारुमच्या परसात पाठवलं आणि तिथला पंजा उपटून आणवला. ही सगळी राख एकत्र करून तिनं वाटी सारुमच्या हातात दिली. "तू भरवलंस, तूच पाज. आणि काय भरवलंस ते मोठ्यानं बोल."

सारुम बोलली. "माझ्या परसातलं आलं," असं मोठ्यानं बोलली, आणि राख पाजली. तेव्हाच सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. का नाही सांगितलं? भीती होती, लाज होती, वुथी पुन्हा कधी आजी म्हणणार नाही ही धास्ती होती. पण हे सगळं धरूनसुद्धा ती बोलली असती. तिला अडवलं ते त्या एका हाकेनं. उतारा लागू पडला की ती हाक बंद होणार, आणि एकवीस वर्षांनंतर आलेली हाक एका दिवसात बंद करायला तिचं मन धजेना. मला तिचा राग येतो, आणि कीवही येते.

राखेचा काही उपयोग झाला नाही. किमलायनं रिकामी वाटी उचलली आणि सारुमकडे असं पाहिलं की सारुमनंच नजर खाली केली.

त्या संध्याकाळी सारुम घरी गेलीच नाही. बाजेजवळ बसून राहिली. कोलाप तिला मालिसच्या लहानपणच्या गोष्टी विचारत होती आणि ती सांगत होती. पुरात वाहून गेलेली शेळी, शाळेच्या भिंतीवरून पडून फुटलेला गुडघा. कोलाप हसली तेव्हा तोंडातून वाफ आली. त्या भट्टीसारख्या खोलीत, उन्हाळ्यात, हिवाळ्याच्या पहाटे येते तशी वाफ. सारुमनं ती पाहिली आणि तरी पुढची गोष्ट सांगायला घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोलापच्या नखांखाली निळं उतरलं. वुथी गाडी आणायला धावला होता. किमलाय बाळाला घेऊन खाली सावलीत होती, आणि बाळाच्या रडण्याचा आवाज बारीक होत चालला होता. वर दोघीच होत्या. कोलापचे ओठ हलत होते, पण श्वास मोजून घ्यावा तसा येत होता. सारुमला अखेर दिसलं की ही पोर चालली. मालिस परत आलेली नव्हती. एक गेली होती तशीच दुसरी जाणार होती, त्याच दुखण्यानं.

तिनं वाकून कानाशी विचारलं, "मालिस, तेव्हा काय खाल्लं होतंस गं? आता तरी सांग. अंडंच ना?"

"अंडं कुठलं," कोलापचे ओठ म्हणाले. "तूच आणलं होतंस की. पाचव्या दिवशी. केळीच्या पानात बांधून, कोंबडी-आलं. पावसाचं आलीस धापा टाकत."

सारुमला आठवलं. बाजार गाठायचा होता म्हणून तिनं ते घाईत परतलं होतं.

"आलं कच्चं होतं, माय. दाताखाली करकर वाजलं."

"मग थुंकलंस का नाही?"

"तू समोर बसली होतीस. बघत होतीस." ओठ थांबले, पुन्हा हलले. "नंतर सगळ्यांसमोर तुझं नाव कसं घेऊ?"

सारुमच्या तोंडून आवाज फुटला तो खालच्या माणसांनीही ऐकला. मग ती उठली. शिडीच्या तोंडाशी जाऊन तिनं किमलायला हाक मारली, गाडी घेऊन आलेल्या वुथीला मारली, आवाजानं जमलेल्या शेजारणींनाही थांबा म्हणाली, आणि लाकडी कठडा धरून बोलली.

"मी खोटं बोलले. आलं परसातलं नव्हतं. मालिसच्या बाजेखालची राख टाकली तिथलं आहे, वारुळाजवळचं. वीस वर्षं तुम्ही सगळे तेच खाताय. कोलापला मी तेच घातलं, माझ्या हातानं. आणि एकवीस वर्षांपूर्वी मालिसला बाधलं तेही माझ्याच हातचं होतं. कच्चं आलं. किमलायनं काहीही चारलं नव्हतं."

एक शेजारीण तोंडावर हात धरून मागे सरली. दुसरी तिथेच ओकली. वुथीनं आजीकडे पाहिलं. काय बघत होता ते सारुमला कळलं नाही. पण तो म्हणाला, "फावडं कुठे आहे?"

कुंपण त्यानं लाथेनं पाडलं. दोघांनी वाफा खणला, काठापासून आत, आत, आणि आज सारुमनं तळापर्यंत हात घातला. सगळे पंजे एकाच मुळाला धरून होते. ते मूळ म्हणजे मालिस गेली तेव्हा राखेबरोबर टाकलेला जुना पंजा, काळा पडलेला, वीतभर लांब. वुथीनं फावड्यानं तो फोडला. आत तो पांढराशुभ्र होता, ओला, काल चिरल्यासारखा.

किमलायच्या अंगणात ते जाळायला तासभर लागला. रस सुटत होता आणि निखारे विझत होते. किमलायनं नारळाच्या करवंट्या घातल्या, मग घरातला जुना बांबू घातला, तेव्हा कुठे पेट घेतला. धूर वर गेला नाही. जमिनीलगत पसरून घराखालून, बाजेच्या बरोबर खालून गेला, आणि वरून कोलाप म्हणाली, "माय, नको." स्पष्ट, सगळ्यांना ऐकू येईल असं.

वाटी सारुमच्या हातात होती. तिनं कोलापचं डोकं मांडीवर घेतलं. दात घट्ट मिटलेले. बर्फासारख्या बोटांनी तिचं मनगट धरलं होतं आणि धरलेल्या जागी कातडी बधिर होत होती. सारुम रडत होती आणि रडत रडतच तिनं अंगठ्यानं तो जबडा उघडला.

"गिळ गं बाई," ती म्हणाली. "या खेपेला नीट भाजलंय."

राखेचं पाणी आत गेलं. पाण्यात चावण्यासारखं काही नव्हतं. तरी दाताखाली करकर वाजलं, एकदा, दोनदा. बाजेभोवती उभ्या सगळ्यांनी ते ऐकलं. मग बोटं सुटली.

थोड्या वेळानं कोलापच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले. मग कपाळ, मग मान, मग सगळं अंग निथळू लागलं. तिनं डोळे उघडले आणि निखारे कमी करा हो, भाजून मारता का, म्हणून वुथीवर ओरडली. बाळ तिच्याजवळ दिलं, ते लगेच लुचू लागलं. वुथीनं तरी गाडी सोडली नाही. दोघींना घालून तो रुग्णालयात दाखवायला घेऊन गेला, आणि जाताना त्यानं सारुमकडे वळून पाहिलं नाही.

घरात दोघी विहिणी उरल्या. बाज रिकामी होती, खाली निखारे राखेत चालले होते.

"मला माहीत होतं," किमलाय म्हणाली.

सारुमनं मान वर केली.

"पानात दोन काड्या राहिल्या होत्या त्या दिवशी. मी चाखल्या. कच्च्या होत्या. जाळल्या, राख केली, माझ्या हातानं पाजली. बाधा उतरली नाही. उतरणार कशी, भरवणारा हात माझा नव्हता. तुला बोलवायला निघाले, तर पोरीनं माझा हात धरला. म्हणाली, मायला सांगू नका, ती जगणार नाही. शपथ घातली मला."

"आणि मी गावभर…"

"हो. तू गावभर."

सारुम खाली बसली. हात जोडून तिनं कपाळ फळ्यांवर टेकलं. थोरामोठ्यांची क्षमा मागताना टेकतात तसं, तीनदा. किमलायनं तिला अडवलं नाही, असू दे म्हटलं नाही, पाय मागे घेतले नाहीत. तिन्ही वेळा होऊ दिलं.

मग म्हणाली, "ऊठ. इथे चार शेजारणींनी ऐकलं, तेवढ्यानं भागत नाही. तेव्हा जितक्या दारांत गेली होतीस ना, तितक्या दारांत जा. मी शपथ पाळली. आता तू सांग."

"आत्ता?"

"उजेड आहे अजून."

सारुम शिडी उतरली. खाली धुराचा वास होता, बाकी काही नव्हतं. आवाजानं जमलेल्या बायका आपापल्या अंगणातून बघत होत्या आणि ती जवळ येतेय असं दिसताच आत सरकत होत्या. तिनं पहिल्या घराच्या शिडीशी चपला काढल्या, वरची खिडकी कुणीतरी ओढून घेतली, आणि ती बंद खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं सांगू लागली.